तोडणीपूर्वीचा शेतकरी आणि तोडणीनंतरचा शेतकरी

ऊस हे असे पीक आहे की, त्याचा पैसा शेतकऱ्याच्या हाती बहुधा वर्षातून एकदाच येतो. बेणे, खते, पाणीपट्टी, खुरपणी, बांधणी हा खर्च महिनोन्‌महिने चालूच असतो. घरातले लग्नकार्य, दवाखाना, मुलांच्या शाळेची फी या गोष्टी तोडणीची वाट पाहत थांबत नाहीत. म्हणून तोडणीच्या आधीचे काही महिने ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरी ओढाताणीचे जातात. बिल जमा झाले की देणी भागतात आणि घरात थोडी स्वस्थता येते. ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ती सांगण्यासाठी शास्त्रज्ञांची गरज नव्हती. परंतु या ओढाताणीचा त्याच्या विचारशक्तीवर कितपत परिणाम होतो, हे मोजून पाहण्याचा प्रयत्न तामिळनाडूत झाला, आणि त्यातून जे हाती आले ते गावोगाव सल्ला देत फिरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगे आहे.

५४ गावांतील पाहणी

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाव या चार संशोधकांनी विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांतील ५४ गावांमधून ४६४ ऊस उत्पादक शेतकरी निवडले. ज्यांच्या उत्पन्नाचा निदान ६० टक्के भाग उसावर अवलंबून आहे, असेच शेतकरी त्यांनी घेतले. प्रत्येकाची भेट दोनदा घेण्यात आली, एकदा तोडणीपूर्वी व एकदा तोडणीनंतर. या कामाचा वृत्तांत ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सायन्स’ या शास्त्रीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

दोन भेटींमधील घरची परिस्थिती किती निराळी होती, ते पुढील आकड्यांवरून ध्यानात येईल. तोडणीपूर्वी शंभरांपैकी ७८ शेतकऱ्यांनी काही ना काही वस्तू गहाण ठेवलेली होती. तोडणीनंतर हे प्रमाण शंभरात ४ वर आले. तोडणीपूर्वी ९९ टक्के शेतकऱ्यांच्या डोक्यावर कर्ज होते, तोडणीनंतर १३ टक्क्यांच्या. माणूस तोच, घर तेच, जमीनही तीच. बदलली होती ती फक्त खिशाची स्थिती.

दोन्ही वेळा शेतकऱ्यांना दोन प्रकारची कामे देण्यात आली. पहिल्या प्रकारात एक नक्षी दाखवावयाची, तिचा एक तुकडा गाळलेला असावयाचा, आणि दिलेल्या अनेक तुकड्यांतून नेमका बसणारा तुकडा शेतकऱ्याने ओळखावयाचा. या चाचणीला अक्षरओळख लागत नाही. नवीन प्रश्नाचा उलगडा करण्याची माणसाची शक्ती तीतून कळते. दुसरे काम अवधानाचे होते. कागदावर ‘५ ५ ५’ असे लिहिलेले असे आणि शेतकऱ्याने ‘पाच’ न म्हणता, आकडे किती आहेत ते पाहून ‘तीन’ असे झटपट सांगावयाचे असे. वाचकांनी हे घरी करून पाहावे. सोपे वाटते, पण जीभ ‘पाच’कडेच वळते, तिला आवरण्यासाठी मन ताब्यात असावे लागते.

निष्पन्न असे झाले. नक्षीच्या चाचणीत तोडणीनंतर सरासरी ५.४५ प्रश्न बरोबर आले होते, तर तोडणीपूर्वी ४.३५ च आले. आकड्यांच्या कामास तोडणीनंतर १३१ सेकंद लागले, तोडणीपूर्वी १४६. आणि वेळ अधिक घेऊनही तोडणीपूर्वीच्या चुका अधिकच होत्या, ५.१६ ऐवजी ५.९३. या शोधनिबंधात पैशाच्या विवंचनेने पडणाऱ्या एकूण फरकाची तुलना रात्रभर झोप न मिळालेल्या माणसाच्या स्थितीशी केलेली आहे. रात्रभर पाणी देऊन सकाळी बाजारात गेलेल्या शेतकऱ्याला या तुलनेचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, हा फरक पैशाचाच कशावरून? ऋतू बदलला असेल, ऊन वाढले असेल, कामाचा शीण असेल. नेमक्या याच शंकेसाठी ऊस हे पीक निवडलेले होते. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असल्यामुळे सगळ्यांचा ऊस एकदम तोडला जात नाही. तोडणी काही महिने पसरलेली असते. त्यामुळे एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाचा ऊस जाऊन बिल मिळालेले असते आणि शेजाऱ्याचा फडात उभाच असतो. हवा दोघांना एकच, सणवार तेच. असे असूनही फरक दिसला. दुसऱ्या भेटीत चाचणी सवयीची झाल्यामुळे गुण वाढले असतील, ही शंकाही संशोधकांनी गृहीत धरली होती. म्हणून काही शेतकरी मुद्दाम बाजूला ठेवून त्यांची पहिलीच चाचणी तोडणीनंतर घेतली गेली. त्यांनीही तोडणीपूर्वीच्या गटापेक्षा सरस काम केले. शरीरावरील ताणाचा हिशेब वजा केला तरी फरक शिल्लक राहिला.

असे का व्हावे?

एका विहिरीवर दोन बागा भिजवावयाच्या असल्या म्हणजे दोन्हींना पाणी अपुरे पडते. मनाच्या अवधानाचेही तसेच आहे. सोसायटीचा हप्ता कसा भरावा, दुकानदाराला कोणती तारीख सांगावी, कानातले सोडवून आणावयाचे कधी, असे प्रश्न मनात सतत चालू असतात. ते मुद्दाम काढावे लागत नाहीत. नांगर धरला असता, जेवताना, झोपेतही ते चालूच असतात. त्यांच्यात गुंतलेले अवधान दुसऱ्या कामास मिळत नाही. मनुष्य मंद झालेला नसतो. त्याचे मन दुसरीकडे कामावर असते, आणि तेथे ते फार कसोशीने काम करीत असते. कोणाचे किती देणे, कोणत्या वारी, किती व्याजाने, हे अडचणीतल्या माणसाला तोंडपाठ असते; सधन माणसाला कित्येकदा आपल्या खात्यावर किती आहे हेही सांगता येत नाही.

हाच अनुभव अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एका बाजारपेठेत आलेल्या गिऱ्हाइकांवर त्याच संशोधकांनी घेतला होता. मोटार नादुरुस्त झाली असून दुरुस्तीस १५० डॉलर लागतील, तर तुम्ही काय कराल, असे काहींना विचारले; काहींना हीच रक्कम १,५०० डॉलर सांगितली. आणि मग वरच्यासारख्याच चाचण्या दिल्या. लहान रकमेचा विचार करताना गरीब व सुखवस्तू दोघांचेही काम सारखे झाले. मोठी रक्कम ऐकताच सुखवस्तूंच्या कामात फरक पडला नाही, गरिबांचे मात्र खालावले. रक्कम काल्पनिक होती, एक पैसाही कोणाला द्यावयाचा नव्हता. परंतु विवंचना जागी होण्यास तेवढे पुरले.

शास्त्रातील एका प्रयोगावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची पगाराच्या आधी व नंतर अशीच परीक्षा घेणाऱ्या एका अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, विचारशक्तीत काही फरक आढळला नाही. पगार दर पंधरवड्याने वा महिन्याने येतो आणि येणार हे निश्चित असते. उसाचे बिल वर्षाने येते, त्याची तारीख कारखान्याच्या हाती असते. दोहोंतील तफावतीचे कारण यातच असण्याचा संभव आहे. उलट ओडिशात नंतर झालेल्या एका प्रयोगाने तामिळनाडूच्या निष्कर्षास बळकटी आणली. शेतीची कामे नसलेल्या दिवसांत मजुरांना पत्रावळी टाचण्याचे काम दिले होते, मजुरी नगावर. काहींना केलेल्या कामाच्या मजुरीचा मोठा भाग काम संपण्याआधीच देण्यात आला. इतरांना सगळी मजुरी शेवटी. दर दोघांनाही तोच. ज्यांना आधी पैसे मिळाले त्यांतील पुष्कळांनी तत्काळ देणी फेडली, आणि त्यानंतर त्यांच्या पत्रावळ्यांची संख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली; टाचण्यातील अनवधानाच्या चुकाही कमी झाल्या. हातांना कोणी नवे कौशल्य शिकविलेले नव्हते.

केनियातील खताचा अनुभव

या विवंचनेच्या काळात शेतकऱ्यापुढे निर्णय ठेवले की काय होते आणि वेळ बदलली की काय होते, याचे चांगले उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशाच्या पश्चिम भागात मिळते. तेथील मुख्य पीक मका. मका गुडघ्याइतका झाला असता थोडे वरखत दिल्यास खर्चाच्या मानाने चांगला फायदा होतो, हे शेतकऱ्यांच्याच शेतांवर प्रात्यक्षिके घेऊन सिद्ध झालेले होते. प्रात्यक्षिक पाहिलेल्या शेतकऱ्यांपैकी जवळजवळ ९८ टक्क्यांनी पुढच्या हंगामात खत घालण्याचा मनोदय सांगितला. प्रत्यक्षात घातले ते सुमारे ३७ टक्क्यांनी.

अशा वेळी आपल्याकडे काय म्हटले जाते, ते सर्वांस माहीत आहे. ‘सांगून सांगून थकलो, यांना पटतच नाही.’ परंतु त्या शेतकऱ्यांना पटलेले होते. अडचण एवढीच की, पटले तेव्हा दुकान दूर होते आणि दुकानात जाण्याची वेळ आली तेव्हा पैसा दुसरीकडे गेलेला होता. एस्थर दुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन यांनी तेथे एक साधी योजना करून पाहिली. कापणी होताच, घरात धान्य व पैसा असतानाच, कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारी जाई. खत नेहमीच्याच भावाने, पण आजच पैसे भरल्यास पुढील हंगामात घरपोच मिळेल, असे सांगे. भावात एक पैशाची सूट नव्हती. तरी खत वापरणाऱ्यांची संख्या ४७ ते ७० टक्क्यांनी वाढली. हंगाम उभा राहिल्यावर खताची किंमत निम्मी केली असता जेवढा परिणाम झाला, जवळपास तेवढाच परिणाम केवळ वेळ साधल्याने झाला. हेच घरपोच खत पुढे वरखताच्या वेळी देऊ केले, तेव्हा मात्र तसा लाभ दिसला नाही. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दुफ्लो व क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच प्रकारच्या प्रत्यक्ष प्रयोगांबद्दल.

आपल्याकडील हंगाम

महाराष्ट्रात कोरडवाहू शेतकऱ्याचा हात सर्वांत आखडलेला असतो तो मे-जूनमध्ये. आणि शेतीखात्याचे मेळावे, बियाण्याची निवड, खतांच्या मात्रा, पीककर्जाचे कागद, विम्याचे अर्ज, या सर्वांची गर्दी होते तीही त्याच सुमारास, खरिपाच्या तोंडावर. वरील संशोधन खरे मानले तर असे म्हणावे लागते की, ज्या काळात शेतकऱ्याचे अवधान सर्वांत कमी मोकळे, त्याच काळात त्याच्यापुढे सर्वांत जास्त नवीन गोष्टी मांडल्या जातात. यात खात्याचा हेतू वाईट नसतो. पीक जूनमध्ये पेरावयाचे तर सल्ला मेमध्ये, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. परंतु पेरणीची वेळ आणि पेरणीविषयी निर्णय घेण्याची वेळ एकच असली पाहिजे, असे नाही.

सोयाबीनचे उदाहरण घ्यावे. हे पीक स्वपरागित आहे. चांगल्या सरळ वाणाचे बियाणे एकदा घेतले की, त्यापासून आलेले घरचे बी तीन वर्षांपर्यंत पेरता येते. जूनमध्ये बियाण्याच्या पिशवीचा भाव ऐकून शेतकरी उधारीचा शोध करू लागतो. तेच बी ऑक्टोबरमध्ये त्याच्याच खळ्यावर पडलेले असते. म्हणून घरच्या बियाण्याविषयी जे बोलावयाचे ते काढणीच्या आधी आणि खळ्यावर बोलावे: शेतातील जो तुकडा एकसारखा व निरोगी दिसतो तो वेगळा काढावा, भेसळीची झाडे उपटून टाकावीत, मळणीयंत्राचा वेग कमी ठेवावा, कारण सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असून माराने ते तडकते; दाणे चांगले वाळवावेत, पोती उंच रचू नयेत, आपटू नयेत आणि ओलीपासून दूर ठेवावीत. नंतर मेमध्ये फक्त एकच काम उरते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे, गोणपाट ओले ठेवावे, आणि आठवड्याने मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर बी पेरणीयोग्य. कमी उगवले तर त्या मानाने एकरी बी वाढवावे, आणि फारच कमी असतील तर ते बी पेरू नये. हे काम विवंचनेतला माणूसही करू शकतो, कारण त्यात निवड करावयाची नाही, मोजावयाचे आहे.

मातीचे नमुने रब्बीची काढणी होताच, शेत रिकामे व शेतकरी थोडा मोकळा असताना घ्यावेत. ठिबकच्या किंवा अवजाराच्या अनुदानाचा विषय ऊसकरी गावात बिले जमा झाल्यावर काढावा, आधी नव्हे. ऊसकरी गावाची अडचण अशी की, सगळ्यांची बिले एकदम जमा होत नाहीत. तेव्हा कार्यकर्त्याला कोणाचा ऊस गेला व कोणाचा उभा आहे हे माहीत असावे लागते. ही माहिती चावडीवर बसल्या बसल्या मिळते.

अडचणीच्या दिवसांत भेट टाळावी, असा याचा अर्थ नाही. तेव्हा भेटीची रीत बदलावी. एका भेटीत एकच गोष्ट सांगावी. औषधाचे प्रमाण ‘हेक्टरी इतके मिलिलीटर’ असे न सांगता शेतकऱ्याच्या पंपाला किती, ते स्वतः हिशेब करून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. अर्ज घरी नेऊन भरून आणा, असे सांगण्यापेक्षा समोर बसवून भरून घ्यावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे, पण नुसत्या तेवढ्यासाठी कित्येकांचा विमा राहून जातो. शेवटच्या तारखेची आठवण दोन दिवस आधी पुन्हा करून द्यावी. शेतकरी विसरला तर तो निष्काळजी, असे म्हणणे सोपे आहे. तोडणीनंतर तोच माणूस असल्या गोष्टी विसरत नाही.

जाता जाता कारखानदारीविषयीही एक शब्द. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत दिली पाहिजे, आणि विलंब झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज दिले पाहिजे. थकलेल्या बिलाचा विचार आजवर व्याजाच्या हिशेबानेच होत आला. तामिळनाडूतील आकडे पाहिल्यावर असे वाटते की, बिल थकले त्या काळात शेतकऱ्याने खोडव्याला खत उशिरा घातले, बेणे तपासून घेतले नाही, महाग कर्ज घेतले, या नुकसानीचा समावेश कोणत्याही व्याजात होत नाही.

चिंता आणि आजार

येथवर ज्या विवंचनेचा विचार केला ती पैसा आला की ओसरते. काही माणसांची ओसरत नाही. बिल जमा झाले, देणी भागली, तरी झोप लागत नाही; कशात मन रमत नाही; जेवण कमी होते; शेतावर जावेसे वाटत नाही; आपण घराला भार झालो आहोत, असे उद्गार निघू लागतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ हे चालले तर ती नुसती काळजी न समजता आजार समजावा. त्यावर उपचार आहेत आणि ते साधेही असतात.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाने असा एक कार्यक्रम राबविण्यात आला होता. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर बोलावे, आजाराची लक्षणे ओळखावीत, धीर द्यावा. त्यापलीकडे गरज असेल त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे व डॉक्टराकडे पोहोचवावे, अशी ही रचना होती. कार्यक्रमापूर्वी उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे ४ जणांनीच उपचारासाठी कोणाची तरी भेट घेतलेली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७ झाले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक काम मानसोपचारतज्ज्ञांनी न करता थोडे शिकविलेल्या गावकऱ्यांनी केले, ही त्यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

कृषि कार्यकर्ता डॉक्टर नाही आणि त्याने तसे होऊही नये. परंतु शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्या ओसरीवर वर्षातून अनेकदा जाणारा तोच असतो. असा माणूस आढळल्यास त्याच्याजवळ बसून विचारपूस करावी; विचारल्याने मनात नसलेले विचार येतात, ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटे न सोडता घरच्यांना विश्वासात घ्यावे, कीटकनाशकांचे डबे घराबाहेर कुलपात ठेवण्यास सांगावे, आणि आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी गाठ घालून द्यावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. त्यासाठी पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उत्तर मिळते आणि मराठीतून बोलता येते. ज्या वहीत खताच्या मात्रा व फवारणीच्या तारखा लिहिलेल्या असतात, त्याच वहीच्या पहिल्या पानावर हा क्रमांक लिहून ठेवावा.